निवृत्तीनंतरही संपत नाही असं मॉर्गेज: चूक सल्ल्याची होती का, आणि आता काय करता येईल

ताई, वाचणाऱ्याला संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. २००७ साली तुमच्या बाबांनी ब्रिटनमधल्या घरावर दीड लाख पौंडांचं रीमॉर्गेज घेतलं, म्हणजे जुन्या मॉर्गेजच्या (घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाच्या) जागी नवं. तेव्हा ते पन्नाशीचे. ब्रोकर घरी आला, क्रेडिट कार्डं आणि गाडीचं मिळून १८,००० पौंडांचं देणं त्याच कर्जात घातलं गेलं आणि मुदत ठरली २५ वर्षं. आता बाबा निवृत्त आहेत, हप्ता पेन्शनमधून जातो आणि कर्ज फिटणार २०३२ मध्ये, त्यांच्या पंचाहत्तरीला. ब्रोकरचं ऑफिस केव्हाच बंद झालंय. ही फसवणूक म्हणायची का, आणि इतक्या वर्षांनी काही मिळेल का, असं तुम्ही विचारलंत.

मॉर्गेज सल्ल्याचं काम मी ब्रिटनमध्ये वीसेक वर्षं केलं. त्यातली शेवटची बरीच वर्षं अशाच जुन्या फायली उघडण्यात गेली. तुमच्या बाबांसारखी माणसं मी खूप पाहिली आहेत. आयुष्यभर एक हप्ता चुकवलेला नसतो, आणि सदुसष्टाव्या वर्षी बँकेचं पत्र हातात धरून विचारतात, "अजून इतके राहिले कसे?" त्यामुळे उत्तर जरा लांबलं तरी सगळं सांगतो.

कर्ज निवृत्तीनंतर चालतं, एवढ्यावरून सल्ला चुकीचा ठरत नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. ज्याला नोकरीतून भरभक्कम पेन्शन ठरलेलं आहे, किंवा ज्यानं पासष्टीला मोठं घर विकून लहान घ्यायचं असं तेव्हाच सांगून लिहून ठेवलंय, त्याला सत्तरीपर्यंतचं मॉर्गेज देणं चूक नाही. चूक कुठे होते? निवृत्ती कधी, त्यानंतर पैसा कुठून येणार, हे विचारलंच नाही तिथे. किंवा विचारलं, उत्तर मिळालं आणि ते बाजूला सारून हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत ताणली तिथे. तक्रारीत सिद्ध करायचं ते हेच. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

एका फाइलबद्दल सांगतो. बस चालवणारे गृहस्थ, वय ५२. ब्रोकरनं भरलेला ग्राहकमाहितीचा फॉर्म होता, त्याला धंद्यात 'फॅक्ट फाइंड' म्हणतात. त्यात 'अपेक्षित निवृत्तीचं वय' या रकान्यात निळ्या शाईनं ७५ लिहिलेलं, अक्षर ब्रोकरचं. दोन पानं पुढे पेन्शनच्या रकान्यात कंपनीच्या पेन्शनचं वय ६५, आणि हे मात्र त्या गृहस्थांच्या स्वतःच्या अक्षरात. खाली दोघांच्या सह्या. पंचाहत्तराव्या वर्षी बस कोण चालवणार, हा प्रश्न ना ब्रोकरला पडला, ना लेंडरच्या, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेच्या, ऑफिसात कागद तपासणाऱ्याला. त्यांच्या पत्नीला तो दिवस लख्ख आठवत होता: "तो म्हणाला, पंचाहत्तर टाकू या, नाहीतर कॉम्प्युटर पास करत नाही." ब्रोकरच्या कंपनीपुढे आम्ही ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. पुढे फारसा वाद झाला नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम तो फॉर्म मिळवणं. ब्रोकर नसला तरी लेंडर आहे. लेंडरला 'डेटा सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट', म्हणजे आपल्याबद्दलची सगळी माहिती मागणारा अर्ज, पाठवा: २००७ चा अर्ज, उत्पन्नाची नोंद, अंडररायटरची (कर्ज मंजूर करणाऱ्याची) टिपणं, ऑफर लेटर, ब्रोकरकडून आलेला प्रत्येक कागद आणि फोनच्या नोंदी. मे २०१८ पासून याला फी लागत नाही आणि साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. अर्ज बाबांच्या नावानं, त्यांच्या सहीनं जाऊ द्या. जुने कागद नष्ट झालेत असं उत्तर येऊ शकतं, तेव्हा घरातली माळ्यावरची पिशवीही खाली काढा. ऑफर लेटर, 'की फॅक्ट्स इलस्ट्रेशन' (कर्जाचा खर्च आणि अटी सांगणारं पत्रक) आणि हेच कर्ज का सुचवलं हे सांगणारं ब्रोकरचं पत्र, या तिन्हींत जे सापडेल ते सोन्यासारखं जपा.

आता तुमच्या बाबांच्या कर्जाचा हिशेब बघू. दर सगळा काळ ५ टक्के धरतो. प्रत्यक्षात तो खूप हलला, बँक ऑफ इंग्लंडचा दर २००७ च्या जुलैत ५.७५ होता तो मार्च २००९ मध्ये ०.५ वर आला. पण मुद्दा कळायला ५ पुरेत. दीड लाख पौंड २५ वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ८७७ पौंड. १५ वर्षांत, म्हणजे पासष्टीपर्यंत फेडायचे तर सुमारे १,१८६. महिन्याला ३०९ पौंडांचा फरक. ब्रोकरनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दाखवला तो एवढाच. न दाखवलेला फरक असा: २५ वर्षांत एकूण व्याज सुमारे १,१३,००० पौंड, १५ वर्षांत सुमारे ६३,५००. आणि लांब मुदतीच्या कर्जात पासष्टाव्या वाढदिवशी अजून ८२,७०० पौंड मुद्दल शिल्लक असते, दर महिन्याला तेच ८७७ पौंड मागत.

त्या वयात हाती काय येतं? २०२५-२६ सालासाठी पूर्ण नवं स्टेट पेन्शन (सरकारी पेन्शन) आठवड्याला २३०.२५ पौंड ठरलं होतं, म्हणजे महिन्याला हजाराच्या जरा आत. तेही नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे त्या पेन्शनसाठी पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीची, साधारण ३५ वर्षं भरलेली असतील तर. आपली बरीच माणसं तिशी-चाळिशीत इथे आली. वीसच वर्षं भरली असतील तर साधारण तेवढ्याच प्रमाणात, आठवड्याला १३१-१३२ पौंड. त्यातून ८७७ चा हप्ता जाऊच शकत नाही. ब्रोकरनं 'इथे किती वर्षं नोकरी केली' एवढा एक प्रश्न विचारला असता, तर हे २००७ मध्येच दिसलं असतं. आईंचं उत्पन्न धरलं होतं का, तेही पाहा. बायकांचं स्टेट पेन्शनचं वय ६० वरून ६५ पर्यंत वाढणार हे १९९५ च्या कायद्यानंच ठरलं होतं, नंतर ते ६६ झालं. २००७ मध्ये कागदावर आईंचं पेन्शन साठीपासून धरलेलं असेल आणि त्यांचा जन्म १९५५ च्या पुढचा असेल, तर तीही सल्लागाराचीच चूक.

ते १८,००० पौंडांचं देणं मात्र मला जास्त खटकतं. समजा क्रेडिट कार्डावर १८ टक्के व्याज होतं आणि ते पाच वर्षांत फेडलं असतं, तर महिन्याला ४५७ पौंड आणि एकूण व्याज सुमारे ९,४००. तेच मॉर्गेजमध्ये ५ टक्क्यांनी २५ वर्षं पसरलं तर महिन्याला फक्त १०५, पण एकूण व्याज सुमारे १३,६००. दर एक-तृतीयांशाहूनही कमी, तरी व्याज जास्त. शिवाय ज्या देण्याला कसलंही तारण नव्हतं, त्याला आता राहतं घर तारण पडलं. त्या काळच्या नियमांत हे स्पष्ट होतं: जुनी देणी मॉर्गेजमध्ये घालण्याचा सल्ला देताना मुदत वाढल्यानं होणारा खर्च आणि बिनतारणी देणं तारणी होणं, या दोन्हींचा विचार सल्लागारानं करायचाच. ग्राहक हप्ते भरताना अडचणीत असेल तर आधी ज्यांचं देणं आहे त्यांच्याशी बोलून तोडगा निघतो का, हेही पाहायचं. तो विचार झाल्याचं कागदावर दिसत नसेल, तर हा मुद्दा मुदतीच्या मुद्द्यापासून वेगळा काढून लिहा. कधी कधी मुदतीवर कंपनी अडून बसते आणि याच्यावर मान्य करते.

नियम कधीपासूनचे, हे तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये मॉर्गेजच्या सल्ल्यावर वैधानिक नियमन सुरू झालं ३१ ऑक्टोबर २००४ ला, तेव्हाच्या फायनान्शिअल सर्व्हिसेस ऑथॉरिटीकडून. एप्रिल २०१३ पासून ते काम फायनान्शिअल कंडक्ट ऑथॉरिटी म्हणजे एफसीए करते. तुमचं कर्ज २००७ चं, म्हणजे नियमांच्या कक्षेत. सल्ला ग्राहकाला परवडणारा आणि त्याच्या गरजा-परिस्थितीला योग्य असला पाहिजे, हे तेव्हाही बंधनकारक होतं. एप्रिल २०१४ मध्ये नियम खूप कडक झाले, उत्पन्नाचा पुरावा न घेता दिली जाणारी 'सेल्फ-सर्टिफाइड' कर्जं बंद झाली. त्यामुळे कंपन्या हमखास लिहितात, "आजच्या नियमांनी तेव्हाचा व्यवहार तोलू नका." बरोबर आहे, तोलू नये. पण पन्नाशीतल्या माणसाला निवृत्तीबद्दल विचारणं ही २०१४ ची नवी कल्पना नव्हती.

तक्रार कोणावर, ते वेगळं काढा. ब्रोकरनं सल्ला दिला असेल तर मुदत आणि देणी एकत्र करणं यांची जबाबदारी त्याची. लेंडरवर वेगळी जबाबदारी, कर्ज देताना परतफेडीची क्षमता पाहण्याची. पंचाहत्तरीपर्यंतची मुदत पाहूनही लेंडरनं काहीच विचारलं नसेल तर ती तक्रार लेंडरवर. दोन्ही एकाच पत्रात कोंबलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

ब्रोकर बंद झालाय म्हणून हात टेकू नका. त्याच्या लेटरहेडवरची सगळ्यात खालची, बारीक अक्षरातली ओळ वाचा. पुष्कळ लहान ब्रोकर स्वतःच्या परवान्यावर नव्हतेच. ते एखाद्या मोठ्या नेटवर्कचे 'अपॉइंटेड रेप्रेझेंटेटिव्ह' होते, आणि अशा वेळी सल्ल्याची जबाबदारी त्या मूळ कंपनीची असते. ती अजून चालू असू शकते. एफसीएच्या फायनान्शिअल सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये ब्रोकरचा नंबर टाकलात की जुने संबंध तारखांसह दिसतात. मी स्वतः पाहिलंय, लोक 'कंपनीच नाही' म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि जबाबदार कंपनी दोन गावं सोडून व्यवस्थित धंदा करत असते.

नेटवर्कही बुडालेलं असेल तर फायनान्शिअल सर्व्हिसेस कॉम्पेन्सेशन स्कीम, एफएससीएस. बुडालेल्या वित्तीय कंपन्यांच्या ग्राहकांना भरपाई देणारी ही योजना. ३१ ऑक्टोबर २००४ पासूनचा मॉर्गेज सल्ला तिच्या कक्षेत येतो. कंपनी १ एप्रिल २०१९ ला किंवा नंतर बुडाल्याचं जाहीर झालं असेल तर मर्यादा ८५,००० पौंड, २०१० पासून त्या तारखेआधीपर्यंत बुडाली असेल तर ५०,०००. दावा करायला पैसे लागत नाहीत.

आता सगळ्यात अवघड भाग, तक्रार करण्याच्या मुदतीचा. इथे तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.

फायनान्शिअल ओम्बड्समनकडे, म्हणजे वित्तीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाण्याची मर्यादा अशी: घटनेपासून सहा वर्षं, किंवा तक्रारीचं कारण आहे हे तुम्हाला कळल्यापासून, किंवा एखाद्या सावध माणसाला कळायला हवं होतं तेव्हापासून तीन वर्षं. या दोन्हींत जी नंतर संपते ती. सहा वर्षं २०१३ मध्येच संपली. म्हणजे सगळी भिस्त त्या तीन वर्षांवर. कंपनी म्हणणार: ऑफर लेटरवर '२५ वर्षं' छापलं होतं, दरवर्षीच्या स्टेटमेंटवर उरलेली मुदत होती, म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. याचं उत्तर तयार ठेवा. कर्ज २५ वर्षांचं आहे हे माहीत असणं वेगळं, आणि ते तसं देण्यात सल्लागाराची चूक झाली आणि त्यातून आपलं नुकसान झालं हे कळणं वेगळं. बाबांना हे दुसरं कधी कळलं? निवृत्तीनंतर पहिला हप्ता जड गेला तेव्हा? लेंडरनं 'निवृत्तीनंतर कसं फेडणार' असं पत्र पाठवलं तेव्हा? की तुम्ही या वर्षी कागद वाचले तेव्हा? लेंडरकडून आलेली अशी पत्रं शोधा आणि तारखा बघा. घड्याळ बहुतेक वेळा त्या पत्रापासून सुरू झालं असं धरलं जातं. ते पत्र चार वर्षांपूर्वीचं असेल तर केस फार कमजोर. दोन वर्षांपूर्वीचं असेल तर एक आठवडाही वाया घालवू नका. रुग्णालयात असणं वगैरे खरोखर अपवादात्मक कारण असेल तर ओम्बड्समन उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका.

कोर्टाची वाट मी सुचवणार नाही. निष्काळजी सल्ल्याच्या दाव्याला तिथे १५ वर्षांची बाहेरची सीमा आहे, आणि २००७ चा सल्ला त्यापलीकडे गेला. ओम्बड्समनला अशी बाहेरची सीमा आतापर्यंत नव्हती, पण २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारनं दहा वर्षांची सीमा आणण्याचा प्रस्ताव मांडला आहे. जुनी तक्रार लांबणीवर टाकू नये याचं हे आणखी एक कारण. एफएससीएसही कंपनीची कायदेशीर जबाबदारी उरते का ते पाहते, म्हणून मुदतीचा प्रश्न तिथेही उठतो.

तक्रार मान्य झाली तर काय मिळतं? कर्ज माफ होत नाही, हे बाबांना आधीच सांगा, नाहीतर जिंकूनही मन मोडतं. सल्ला योग्य मिळाला असता तर आज तुम्ही कुठे असता, त्या जागी आणण्याचा प्रयत्न होतो: जास्तीचं भरलेलं व्याज, ब्रोकरची फी, आणि मनस्तापाबद्दल सहसा काही शे पौंड. इतकी वर्षं हप्ता लहान असल्यानं जे हातात राहिलं, तेही हिशेबात धरलं जातं. 'मुदत लहान असती तर ११८६ भरणं परवडलं असतं का' हा प्रश्न येणारच. त्या काळची बँक स्टेटमेंट्स आणि पगाराच्या स्लिपा असतील तर त्या इथे उपयोगी पडतात. परवडलंच नसतं असं निघालं, तर दावा वेगळा होतो: मग हे कर्ज द्यायलाच नको होतं.

हे सगळं तुम्ही स्वतः करू शकता. ओम्बड्समन ग्राहकाकडून काहीही घेत नाही. क्लेम्स मॅनेजमेंट कंपन्यांच्या (फी घेऊन तुमच्या वतीनं दावा करणाऱ्या) फीवर मार्च २०२२ पासून एफसीएची कमाल मर्यादा आहे, तरी दहा ते पंचवीस हजार पौंडांच्या भरपाईत त्या २५ टक्के, कमाल ५,००० पौंड घेऊ शकतात. एवढ्या पैशात त्या जे पत्र लिहितात, त्याहून तुमचं पत्र खरं असेल.

तक्रार चालू असताना हप्ता थांबवू नका. तक्रारीमुळे क्रेडिट रेकॉर्ड खराब होत नाही, हप्ता चुकल्यानं होतं. भरणं खरंच अशक्य होत असेल तर चुकण्याआधी लेंडरला फोन करा. जून २०२३ च्या मॉर्गेज चार्टरवर (अडचणीतल्या कर्जदारांना सवलती देण्याच्या कबुलीपत्रावर) सही केलेल्या लेंडरकडे सहा महिने फक्त व्याज भरण्याची सोय मिळू शकते, पण त्यानंतरचा हप्ता वाढतो हे विसरू नका. बाबांना पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी सरकारी मदत) मिळत असेल तर व्याजासाठी सरकारी मदत आहे, कमाल एक लाख पौंडांच्या कर्जापर्यंत. ती २०१८ पासून कर्जाऊ मिळते आणि घर विकताना परत द्यावी लागते. घर घेण्यासाठी किंवा ठरावीक दुरुस्तीसाठी घेतलेल्या भागालाच ती लागू होते, ते १८,००० त्यात बसणार नाहीत.

उरलेलं कर्ज 'रिटायरमेंट इंटरेस्ट-ओन्ली' मध्ये नेता येतं. तिथे फक्त व्याज भरायचं आणि मुद्दल घर विकल्यावर किंवा मृत्यूनंतर फिटतं. पण दोघांपैकी एक गेल्यावर दुसऱ्याच्या पेन्शनमधून व्याज निघेल का, हे आईंचा आकडा धरून तपासा. 'लाइफटाइम मॉर्गेज'मध्ये हप्ता नसला तरी व्याजावर व्याज चढतं, ६.५ टक्क्यांनी अकरा वर्षांत रक्कम दुप्पट होते. एकदा चुकीच्या सल्ल्यात सापडलेल्या कुटुंबाला घाईघाईनं दुसरं काही विकलं जातं, म्हणून सही करण्याआधी मनीहेल्पर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांशी बोलून घ्या. 'भारतात परत जाऊ, घर भाड्यानं देऊ' असं बाबा म्हणत असतील तर दोन गोष्टी: राहत्या घराचं मॉर्गेज असताना भाड्यानं द्यायला लेंडरची परवानगी लागते, आणि भारतात स्थायिक झाल्यावर स्टेट पेन्शनमधली वार्षिक वाढ मिळत नाही.

पत्र लांब नको, एक पान पुरे. बाबांच्या शेजारी बसा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा: ब्रोकर कधी आला, कुठे बसला, काय विचारलं, काय विचारलं नाही. "मी तेव्हा ५० वर्षांचा होतो. मी ६५ ला निवृत्त होणार होतो. माझं पेन्शन किती असेल हे मला विचारलं नाही. १५ वर्षांची मुदत मला दाखवली नाही. मला हे नुकसान अमुक तारखेला अमुक पत्र वाचल्यावर कळलं." यातलं जे खरं असेल तेवढंच ठेवा. न आठवणारी गोष्ट 'आठवत नाही' म्हणून लिहा. फाइलमध्ये उलट निघालं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

पत्र पोचल्यापासून कंपनीला आठ आठवडे मिळतात. तिचं अंतिम उत्तर आलं की त्यावरच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत ओम्बड्समनकडे जायचं. आठ आठवडे उलटूनही उत्तर आलं नाही तर वाट न पाहता थेट जाता येतं. बाबांना जमत नसेल तर त्यांच्या सहीचं संमतिपत्र देऊन तुम्ही त्यांच्या वतीनं बोलू शकता. कागद हाती आले की निवृत्तीच्या वयाच्या रकान्यात काय लिहिलंय आणि अक्षर कोणाचं आहे, ते मला कळवा. तिथून पुढचं पत्र कसं लिहायचं ते मी सांगतो.